रेष खाली आली, तेव्हा आमची शाळा उघडली

प्रति,
आरोग्याचे संदेश तयार करणाऱ्या, ते गावोगाव पोहोचवणाऱ्या आणि त्यांचे यश मोजणाऱ्या राज्यातील सर्व अधिकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

आमच्या शाळेत साबण मोज्यात राहतो. जुना नायलॉनचा मोजा घ्यायचा, त्यात वडी टाकायची, वर गाठ मारायची आणि मोजा नळाच्या पाइपला बांधून ठेवायचा. ओल्या हातांनी मोजाच चोळला की फेस येतो. ही युक्ती माझी नाही, खिचडी शिजवणाऱ्या आमच्या मावशींची. त्याआधी आम्ही वडी कट्ट्यावर ठेवायचो. अर्धी वडी पहिलीतली पोरं फुगे करण्यात संपवायची आणि उरलेली कावळा न्यायचा. कावळा साबण पळवतो हे शहरातल्या माणसाला सांगितले तर तो हसतो. मला हसू येत नाही, कारण साठा रजिस्टर मला लिहावे लागते आणि ‘कावळ्याने नेला’ असा रकाना त्यात नाही.

शाळा जिल्हा परिषदेची, बालाघाटच्या डोंगरातली. पट ६३, शिक्षक दोन.

मागे एका कार्यशाळेत पडद्यावर आलेख दाखवला गेला. गूगलवर कोणता शब्द कधी किती शोधला गेला हे दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सवरचा. २०२० सालात वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी ‘हात धुणे’ किती शोधले याच्या पाच-सहा रंगीत रेषा. वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या जमिनीला टेकलेल्या, मार्चमध्ये एकदम सुळका, मग उतार. सांगणारे साहेब म्हणाले, ‘बघा, महामारीने जगाला हात धुवायला शिकवले.’ टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, जेवणाची सुट्टी व्हायची होती.

घरी आल्यावर तो सुळका डोक्यातून जाईना. गूगल ट्रेंड्स कुणालाही फुकट बघता येते, म्हणून मोबाइलवर उघडून बसले. पुढचे आठ-दहा दिवस रात्रीची भांडी आवरली की माझा हाच उद्योग. त्यातून जे समजले ते तुम्हाला कळवते आहे, कारण त्या सुळक्याच्या भरवशावर तुम्ही पुढच्या साथीची आखणी करणार असाल तर मला काळजी वाटते.

पहिली गोष्ट, त्या आलेखातले १०० म्हणजे शंभर माणसे नव्हेत आणि शंभर टक्केही नव्हेत. निवडलेल्या काळात एखाद्या देशातल्या एकूण शोधांमध्ये त्या शब्दाचा वाटा ज्या दिवशी सगळ्यात जास्त असेल, त्या दिवसाला १०० म्हणायचे आणि बाकीचे दिवस त्या प्रमाणात मांडायचे. प्रत्येक वर्गात पहिला येणाऱ्याला शंभर गुण देऊन टाकण्यासारखे हे आहे. सहावी अ आणि सहावी ब दोन्हीकडे शंभरवाला एकेक निघेल. कुठल्या वर्गाला गणित येते, हे त्यावरून ओळखता येत नाही. दोन देशांचे वेगवेगळे काढलेले आलेख शेजारी ठेवून ‘आपणही त्यांच्याइतकेच जागरूक’ म्हणणे म्हणजे तसलाच प्रकार.

दुसरी गोष्ट तर गमतीची आहे. साथ जिथून सुरू झाली तो देशच या आलेखात धड नाही. गूगलने चीनमधला आपला शोधाचा कारभार २०१० सालीच गुंडाळला, तिथले लोक बायडूवर शोधतात. दक्षिण कोरियात शोधायला त्यांचे स्वतःचे नेव्हर चालते. ‘जगाने काय शोधले’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या जगातून वुहानच वगळलेले असते.

रेषा कधी उठल्या हे मात्र बघण्यासारखे आहे. वुहानमधल्या न्यूमोनियाची बातमी ३१ डिसेंबर २०१९ ला जागतिक आरोग्य संघटनेपर्यंत गेली. ३० जानेवारी २०२० ला संघटनेने आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि त्याच दिवशी केरळात भारतातला पहिला रुग्ण सापडला. ११ मार्चला महामारी हा शब्द वापरला गेला. तोवर आपण लग्नांच्या पंगती उठवत होतो. तैवानने मात्र ३१ डिसेंबरलाच वुहानहून येणाऱ्या विमानांतले प्रवासी तपासायला घेतले होते. त्यांच्या अंगावर २००३ च्या सार्सच्या साथीचे वळ होते. २०२० सालीच तिथल्या काही संशोधकांनी २१ देशांचा हिशेब मांडला : जानेवारी-फेब्रुवारीत जिथे ‘हात धुणे’ जास्त शोधले गेले, तिथे पुढच्या काही आठवड्यांत साथ सावकाश पसरली. हा निष्कर्ष पुढे ‘गूगल करा, कोरोना टाळा’ अशा थाटात फिरला. पण जो देश जानेवारीतच हात कसे धुवावे हे शोधतो, तो मास्कही जानेवारीतच बांधतो आणि विमानतळावर थर्मामीटर घेऊन उभाही राहतो. शोध हे त्या सावधपणाचे एक लक्षण होते. ताप मोजल्याने ताप उतरत नाही, इतके तर आम्ही चौथीच्या मुलांनाही सांगतो.

आणि मोजणाऱ्यानेच काट्यावर बोट ठेवले तर? २० मार्च २०२० ला गूगलने अनेक देशांत आपल्या पहिल्या पानावर इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरचे चित्र लावले आणि हात धुण्याच्या पायऱ्या हलत्या चित्रांत दाखवल्या. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू झटक्यात खाली आणणारा हाच तो माणूस. चित्र चांगलेच होते. पण त्या दिवशी तिथे ज्याने ज्याने गूगल उघडले त्याच्या डोळ्यांसमोर हात धुणे आले. तो आकडा लोकांच्या काळजीचा, की त्या चित्राचा? याच गूगलने २००८ मध्ये शोधांवरून फ्लूची साथ ओळखण्याचा प्रयोग सुरू केला होता. २०१२-१३ च्या हिवाळ्यात त्याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा फारच वर गेला, आणि २०१५ मध्ये तो बंद करावा लागला. भीतीची बातमी वाचून धडधाकट माणूसही शोधायला बसतो, हे त्यात एक कारण होते.

आता आपल्या घरचे बघू. मी मराठीत शोधून पाहिले. ‘हात धुणे’, ‘हात कसे धुवावे’, ‘हात धुण्याची पद्धत’ आणि तेच सगळे रोमन अक्षरांत, तेही तीन स्पेलिंगनी. प्रत्येकाची रेष वेगळी, काही ठिकाणी तर ‘पुरेशी माहिती नाही’ अशी पाटी. मग ‘सॅनिटायझर’ हा शब्द शेजारी टाकला, तर हात धुण्याची रेष तळाला चिकटून बसली. लोकांना खरे तर बाटली हवी होती. किंमत काय, कुठे मिळेल, घरी कसे बनवतात. मार्च २०२० मध्येच केंद्राला सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंत घालून २०० मिलिलिटरची किंमत १०० रुपयांवर बांधावी लागली. दहा रुपयांचा साबण हे काम करतो, हे सांगायला जाहिरात लागली. शंभर रुपयांची बाटली न सांगता संपली. आणि ती बाटली इतकी सगळीकडे झाली की ३१ जानेवारी २०२१ च्या पोलिओ दिवशी यवतमाळ जिल्ह्यात १२ लेकरांच्या तोंडात पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब गेले. मुले वाचली. पण त्या आलेखावर ‘सॅनिटायझर’ची रेष उंच दिसली की मला आधी ती लेकरे आठवतात.

दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या आसपास हात धुण्याची रेष थोडी उचलते, तेही सांगून टाकते. तो जागतिक हात धुवा दिन. ती रेष उचलण्यात माझाही हात आहे. आदल्या रात्री साडेनऊला आमच्या केंद्रातल्या शाळांच्या ग्रुपवर मेसेज येतो, ‘उद्या उपक्रम घेऊन फोटो अपलोड करणे, लिंक भरणे’, आणि मग आम्ही सगळ्या बाया ‘हात धुवा दिन माहिती’, ‘हात धुवा दिन भाषण’ शोधायला बसतो. त्याच दिवशी वाचन प्रेरणा दिनही असतो, त्याचीही लिंक असते. एका वर्षी वेळ वाचवायला मी मुलांच्या एका हातात पुस्तक आणि एका हातात साबण देऊन एकाच फोटोत दोन्ही दिन उरकले. फोटो छान आला. पुस्तके भिजली.

खरे दुखणे आता सांगते. तो मार्चचा सुळका जेव्हा उंच होता तेव्हा आमची शाळा कुठे होती? बंद. मार्चच्या मध्यात कुलूप लागले. एप्रिलमध्ये कुलूप उघडले ते मुलांसाठी नव्हे, कारखान्यांवरून परतलेल्या ऊसतोड कामगारांच्या विलगीकरणासाठी. तीन खोल्यांत चाळीसेक माणसे, त्यात कडेवरची लेकरे. माझी ड्यूटी फाटकावर, नावे लिहून घ्यायची. भिंतीवर नवे कोरे पोस्टर : ‘वाहत्या पाण्याखाली किमान २० सेकंद हात धुवा.’ शाळेची टाकी टँकरने भरायची, तो एक दिवसाआड. एक बाई पाठीवरचे पोर सावरत मला म्हणाली, ‘बाई, हे वाहतं पानी आधी दावा तरी कुटं हाय, मंग धुतो.’

तिने गूगलवर काही शोधले नव्हते. तिच्याकडे बटणाचा मोबाइल होता. पण फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा आणि मग हात धुवायची सूचना, ती तिला माझ्याइतकीच पाठ होती. माहिती तिच्यापर्यंत पोहोचलीच होती, पोहोचले नव्हते ते पाणी.

त्या दिवशी दुपारी मी शाळेच्या नळाखाली बादली ठेवली आणि मोबाइलवर २० सेकंद लावले. पावणेदोन लिटर. टंचाईत टँकरचे पाणी माणशी दिवसाला २० लिटर धरतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पोस्टरप्रमाणे दिवसातून दहा वेळा हात धुतले तर साडेसतरा लिटर तिथेच गेले. उरलेल्या अडीच लिटरमध्ये पिणे, स्वयंपाक, भांडी, पोराचे लंगोट. मग आम्हीच पद्धत बदलली : अर्ध्या पेल्याने हात ओले करायचे, पाणी बंद, मोजा चोळायचा, सुलट, उलट, मूठ, अंगठा, नखे, मनगट, आणि मग एकाने तांब्याने धार धरायची. अर्ध्या लिटरात काम होते. नळ चोळताना बंद ठेवा, एवढे एक वाक्य त्या पोस्टरवर असते तर काय बिघडले असते? पण पोस्टर जिथे छापायला ठरले तिथे नळाला चोवीस तास पाणी असणार.

पहिली ते चौथीची मुले आमच्याकडे परत आली १ डिसेंबर २०२१ ला. पावणेदोन वर्षांनी. पहिलीतल्या आणि दुसरीतल्या पोरांनी शाळेचा नळ त्याआधी पाहिलाच नव्हता. हात धुण्याचा सराव लावायचा, सवय पाडायची ती खरी वेळ. आणि तोवर तुमच्या आलेखातली रेष केव्हाच जमिनीला लागलेली. पोस्टर उन्हाने पांढरे झालेले. पायाने दाबायचे जे सॅनिटायझरचे स्टँड आले होते, त्यातला आमचा दिवाळीआधीच मोडला. त्याच्या लोखंडी दांडीवर आता मावशी फडकी वाळत घालतात.

सगळीकडे असेच झाले असेही नाही. केरळने मार्च २०२० च्या मध्यात ‘ब्रेक द चेन’ सुरू केले तेव्हा बसस्टँडवर, कचेऱ्यांच्या दारात नळ आणि हँडवॉश ठेवले. रवांडात किगालीच्या बसथांब्यांवर हात धुण्याची बेसिने उभी राहिली. लोकांच्या डोक्यात गोष्ट ताजी होती त्याच पंधरवड्यात ती त्यांच्या हाताशीही आली. आपल्याकडे ‘ब्रेक द चेन’ हे शब्द आले ते २०२१ च्या एप्रिलमध्ये, निर्बंधांच्या आदेशावर. नळ आले नाहीत, वेळा आल्या : दुकाने अकरापर्यंत.

कुणी म्हणेल, कोरोना मुख्यतः हवेतून पसरत होता, मग हातांचे इतके कौतुक कशाला? मुद्दा बरोबर आहे आणि तो तुम्हीच मोकळेपणाने सांगायला हवा होता. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटना ‘हा हवेतून पसरणारा आजार नाही’ असे ठासून सांगत होती. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने लिहिले की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी. आपण मात्र त्यानंतरही भाजी मिठाच्या पाण्यात बुडवत होतो आणि वर्गाच्या खिडक्या लावून घेत होतो. हातांना नको तितके श्रेय दिले की पुढे उलटते. साथ ओसरली तेव्हा लोकांनी मास्कबरोबर साबणही टाकून दिला, जणू तोही कोरोनापुरताच होता. जुलाब, जंत, खरूज यांना महामारी संपल्याचे कुणी कळवलेले नाही. साबणाने हात धुण्याने जुलाबाचे प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी घटते, हे कोरोनाच्या आधीपासून ठाऊक आहे. आणि २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत जेवणाआधी साबणाने हात धुणारी कुटुंबे देशात फक्त ३५.८ टक्के निघाली होती, शौचानंतर ७४.१ टक्के. म्हणजे साबण घरात होता. तो जेवणाआधी लागतो, हे कुणाला वाटत नव्हते. घरात हातावर नुसते पाणी घेऊन ताटावर बसायची आपली जुनी रीत. आमचे आजोबा चूळ भरायचे, पाटाभोवती पाण्याचे मंडल काढायचे, मंत्र म्हणायचे. साबण मात्र अंघोळीचा, जेवणाशी त्याचा काय संबंध?

आता तुमच्याकडे मागणे. मी हिशेबाने बोलते. संयुक्त शाळा अनुदानात आमच्या पटाला वर्षाला २५,००० रुपये धरलेले आहेत आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे, म्हणजे २,५००. दहा रुपयांची वडी आमच्याकडे सव्वा दिवस जाते (मोज्यात असल्यामुळे, कट्ट्यावर होती तेव्हा दिवसही जात नसे). शाळेचे २२० दिवस धरले तर १७६ वड्या, १,७६० रुपये. उरलेल्या ७४० रुपयांत वर्षभराचे फिनाइल, ॲसिड, झाडू आणि ब्रश बसवून दाखवा, मी तुमचा जाहीर सत्कार करीन. शिवाय पैसे हातात पडतात ते मार्चच्या तोंडावर. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत साबण आमच्या पगारातून किंवा पालकांच्या वाढदिवसांतून येतो. कुणाच्या पोराचा वाढदिवस असला की चॉकलेटऐवजी साबण, असा नियमच केला आहे. पोरांना तो फार आवडतो असे नाही.

तेव्हा साबणाला वेगळा मथळा द्या आणि पैसे जूनमध्ये द्या. मोबाइलवर संदेश किती जणांनी पाहिला याचे आकडे बैठकीत मांडता, त्याच्या शेजारी एक रकाना वाढवा : त्या दिवशी किती शाळांच्या नळावर साबण होता. पुढची साथ येईल तेव्हा लोक पुन्हा दोन-तीन आठवडे वेड्यासारखे शोधतील, आणि त्या दोन-तीन आठवड्यांत तुम्ही भाषांतर करत बसू नका. मराठीतले, गोंडीतले, कोरकूतले, भिलीतले उत्तर आजच तयार करून ठेवा, वाचायचे नव्हे, ऐकायचे. कारण बोलून शोधणारी माणसे आता लिहून शोधणाऱ्यांहून आमच्याकडे जास्त आहेत. आणि ते तयार करताना टँकरच्या गावातल्या एखाद्या बाईला समोर बसवा. ती सांगेल कुठल्या वाक्याला हसू येते.

आणि तपासायला या. १५ ऑक्टोबरला नको, त्या दिवशी आमची शाळा आरशासारखी असते. फेब्रुवारीतल्या कुठल्याही मंगळवारी या, खिचडी वाढायच्या दहा मिनिटे आधी. आधी फोन करू नका. फाट्यावरून आत वळले की हापसा लागतो, त्याच्या मागे शाळा. ऑफिसात न येता सरळ नळावर जा. पाइपला निळा मोजा बांधलेला दिसेल. त्यात वडी आहे का, तेवढे चाचपून बघा.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका